तपासणीच्या टेबलावर मोडलेला रोट

कानबाई देवीवर माझा विश्वास होता, पण सायकलच्या ब्रेकवर असतो तसा. उतार लागला की दाबून बघायचा. पिंप्राळ्यात माझं सायकलचं दुकान असल्यामुळे मला दुसरी उपमा सुचत नाही. त्या श्रावणात उतार लागला. कानबाई बसायला चार दिवस असताना शेजारच्या किराणा दुकानात मस्कतहून फोन आला. आमचा गोपाळ तिथे बांधकामावर होता. तो परांचीवरून पडला होता, डोक्याचं ऑपरेशन झालं होतं, शुद्ध येत-जात होती, तोंडाने काही घेत नव्हता. वडिलांनी यावं, व्हिसा-तिकीट आम्ही बघतो, असं कंपनीचं म्हणणं. दुकानदार शेठजींनी निरोप सांगण्याआधी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला.

आमच्या खानदेशात श्रावणातल्या एका रविवारी नारळाला नथ-डोळे लावून कानबाई बसवतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर पोचवतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेऊन त्याचे पुरणाचे जाड रोट करतात. हा प्रसाद घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला कणसुद्धा द्यायचा नाही. गोपाळ परदेशात गेला तरी त्याच्या नावाची मूठ आम्ही घेतच होतो. त्या वर्षी मी देवीसमोर बसून म्हणालो, "आई, गोपाळच्या रोटाचा पहिला घास मी माझ्या हाताने त्याला भरवीन. तोवर त्या रोटाला कोणाचा हात लागू देणार नाही. तू फक्त त्याला गिळायला लाव." आमची मंडळी मागून म्हणाली, "देवीला कशाला अटी घालता? ती काय तुमच्या दुकानात पंक्चर काढायला आली का?" मी ऐकलं नाही. स्टीलच्या डब्यात धुतलेलं फडकं, फडक्यात रोट, असा बंदोबस्त करून मंगळवारी सकाळच्या गाडीने मुंबईला निघालो.

गाडीत मी दर स्टेशनाला डबा उघडून पाहिला. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी शेवटी विचारलं, "काका, आत काही जिवंत आहे का?" मला हसू आलं नाही, यावरून काय ते समजा. एरवी मी असली संधी सोडणारा माणूस नाही.

विमानतळावर सुटकेसचं काम सरळ झालं. हातातली बॅग मात्र सरकत्या पट्ट्यावरून मशीनच्या पोटात गेली आणि पट्टा थांबला. पडद्यावर एक काळाकुट्ट गोल. बॅग बाजूच्या टेबलावर आली. तपासणीच्या साहेबांनी डबा उघडला, रोट उचलायला हात पुढे केला आणि मी त्यांचं मनगट धरलं. सरकारी माणसाचं मनगट धरू नये, हे मला आता माहीत आहे.

साहेब मराठीच होते. आवाज न चढवता म्हणाले, "हात सोडा. हे काय आहे?"

"देवीचा प्रसाद आहे."

"एवढा जाड? मागच्या आठवड्यात एकाच्या मिठाईत पूड सापडली. मोडून दाखवा, एक तुकडा खा आणि जा. नाहीतर इथेच ठेवून जा."

मोडायचा तर पहिला घास गोपाळचा. ठेवायचा तर जाणार कचऱ्यात. मी हात जोडले, नवस सांगितला, पाया पडायलाही वाकलो. साहेब म्हणाले, "तुमचं खरं असेल, पण मला आत बघावंच लागेल." तिकडे माझ्या विमानाची सूचना झाली. मागची रांग कुरकुरायला लागली. मला दरदरून घाम फुटला, आणि घाम बघून साहेबांचा संशय आणखी वाढला.

तेवढ्यात बायकांच्या रांगेकडची एक पोलीसबाई जवळ आली. तिने डब्यात पाहिलं आणि तिथेच बूट काढून उभी राहिली.

"आबा, हाऊ कानबाईना रोट शे ना? मी दोंडाईचानी."

आमच्याकडची अहिराणी कानावर पडली आणि त्या क्षणी मला ती सख्ख्या बहिणीसारखी वाटली. मी सगळं घडाघडा बोललो. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "रोटसाठे पोऱ्या शे, का पोऱ्यासाठे रोट?"

ती हलक्या आवाजात पुढे म्हणाली, "तीन वरीस व्हयनात, कानबाईले घर जावाले सुटी भेटनी नई. तुम्ही मोडा. पहिला घास माले द्या. मी खासू, मंग साहेबले पटी."

ती ना आमच्या घरातली, ना भाऊबंदातली. नेम मोडत होता आणि माझी अटही मोडत होती. तरी मी रोट मोडला, तोही वेडावाकडा. तिने पदर नव्हता म्हणून टोपी सारखी केली, दोन्ही हात पुढे धरले आणि घास डोळे मिटून खाल्ला. साहेबांनी आतलं पुरण पाहिलं, डबा बंद केला आणि म्हणाले, "पळा आता. विमान थांबणार नाही." तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

विमानात मी देवीशी भांडत बसलो होतो. एवढी एक गोष्ट मागितली, तीही पुरी होऊ दिली नाहीस. मग कधीतरी दमलो. मनात म्हणालो, "आता माझ्याकडे द्यायला काही नाही. अट नाही, नेम नाही. पोरगा तुझा. तुला काय करायचं ते कर." आठवड्यात पहिल्यांदा मला बसल्याजागी डोळा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या माणसाने मला इस्पितळात नेलं. वॉर्डच्या दारातच मी थबकलो. डोक्याला पांढरं बांधलेला माझा गोपाळ उशीला टेकून बसला होता आणि एक मल्याळी नर्स त्याला चमच्याने पेज भरवत होती. ती तिच्या भाषेत दटावत होती, तो आपल्या भाषेत कुरकुरत होता, आणि प्रत्येक चमचा गिळत होता. कालपासून घ्यायला लागला, असं कंपनीच्या माणसाने सांगितलं. काल कधी, हे मी विचारलं नाही. विचारून वेळा जुळवत बसणं मला त्या दारात लाजिरवाणं वाटलं.

कितीतरी मैल मी एकच हट्ट वाहून आणला होता, की भरवीन तर मीच. इथे कोणा परक्या आईची लेक मी पोचायच्या आधीच ते काम करत होती. तिने माझ्याकडे पाहून बोटानेच थांबायची खूण केली. वाटीत अजून बरीच पेज होती. जन्मभर दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडणारा मी, भिंतीला टेकून उभा राहिलो आणि माझी पाळी येण्याची वाट बघू लागलो.