हवाई पट्टीच्या कडेची चाळीस घरं

संघमित्रा भरवेलीची. बाप नथ्थू मँगनीजच्या खदानीत, आन पोरगी बालाघाटले राजेंद्रभैयाच्या दुकानावरल्या खोलीत कामाले. काम काय, तं कम्प्युटरवर विमान उडवाच्या खेळासाठी विमानतळ उभे कराचे. हँगर, कुंपण, पाण्याची टाकी, वारं दाखवणारी पिशवी. आधी आकार घडवाचा, मंग त्याच्यावर खऱ्या वस्तूच्या फोटोची कातडी चढवाची.

यावेळी आपल्याच भागातली जुनी हवाई पट्टी आली. कुंपणाले लागून तिच्या तुळसामावशीची वस्ती. ढगाळ दिवस पाहून संघमित्रा आठवडाभर तिथं हिंडली, काहून का उन्हात फोटो घेतला तं सावली रंगात कायमची बसते. फोटो निघणार म्हणून बायांनी आदल्या दिवशी भिंती सारवल्या. ओल्या भिंती चमकाले लागल्या, वाळेपर्यंत पोरगी चहा पीत बसली. छपरावरले कवेलू, आंगणं, विहाराचा निळा दरवाजा. चाळीस घरं जशीच्या तशी उभी केली.

राजेंद्रभैया पाहून म्हणे, "ये बस्ती हटा. झाडं लाव तिथं."

"काहून?"

"गेम भारी होते. अटकते."

संघमित्रानं आकडे उघडून दाखवले. साऱ्या घरांच्या कातड्या तिनं एकाच चित्रात बसवल्या होत्या. त्यानं चाळीस घरं मिळून खेळातल्या पार्किंगातल्या एका गाडीपेक्षा हलकी निघाली.

"तं गाडी हटव ना, भैया."

"अरे, गाडी अच्छी लगती है. हे गलिच्छ दिसते. बाहर के लोग पैसा देकर यही देखेंगे क्या?"

आला ना खऱ्यावर! इतक्या वेळ भारी-हलकं करून राह्यला होता बेटा.

संघमित्रानं खुर्ची अशी मागं ढकलली का भिंतीचा पोपडा निघाला. "मी नाही हटवत."

"लोकेश हटाएगा."

शेजारच्या खुर्चीवरला लोकेश कामाले लागला. दहा मिनिटांत वस्ती पुसून सागवान लावले.

इतवारी संघमित्रा वस्तीत गेली, तं तुळसामावशीनं खेळाचे फोटो पाहाले हौसेनं तिचा मोबाईल हातात घेतला. पट्टी दिसली, टाकी दिसली. घर शोधत बोट फिरवत राह्यली.

"आमाले कवा उठवलं वं?"

"खेळात आहे ते, मावशी."

"हौ. पण कोणाले इचारून?"

सोमवारी संघमित्रानं राजेंद्रभैयाले तोंडावर विचारलं, "घरं मी घेऊन जाऊ?"

"ले जा कचरा."

तिनं नेली. काम सोडलं आन वस्ती इंटरनेटवर फुकट टाकली, भैयानं विकलेल्या त्याच पट्टीवर बरोबर बसते अशी. ज्यानं बसवली त्याचे सागवान गायब, घरं हजर. पंधरा दिवसांत सहाशे लोकांनी बसवली.

राजेंद्रभैयाचा फोन आला. "माझ्या धंद्यात थुंकली तू!"

"तू मावशीच्या आंगणात झाडं लावली," संघमित्रा म्हणे आन फोन कापला.

दुसरं काम अजून नाही. बाप म्हणते, जराशी नमली असती तं काय झालं असतं. चार दिवस झाले, पोरगी त्याच्यासंगही बोलून नाही राह्यली.