जात्यावरची झोप

लग्न होऊन राजेश्वर गावी आले, त्याच्या तिसऱ्या पहाटे मी जात्यावर बसल्या बसल्या झोपले. हात खुंट्यावर तसाच होता, मान मात्र खाली गेली होती. समोर बसलेली माझी थोरली जाऊ एकटीच जातं ओढत होती आणि पलीकडच्या खोलीत सासूबाई अंथरुणावर पडून ऐकत होत्या.

"काय गं, येकीच्याच बांगड्या वाजायल्यात," त्या आतून म्हणाल्या. "दुसरी कुठं गेली?"

जावेनं माझं मनगट खुंट्यावर आपल्या हाताखाली दाबून धरलं आणि जातं तसंच फिरवत राहिली. आता दोघींच्याही बांगड्या वाजायला लागल्या. "हितंच हाय की, आत्या. जात्याच्या तोंडात घास घालायली होती," ती म्हणाली. हे मला नंतर तिनंच सांगितलं; मी जागी झाले तेव्हा माझा हात तिच्या हाताबरोबर गोल फिरत होता. जात्याभोवती पीठ बरंच साठलं होतं. त्यातलं माझ्या हातचं किती होतं कुणास ठाऊक.

तिला मी अक्का म्हणायचे. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. मी तेव्हा तेरा पुरी करून चौदाव्यात होते.

माझं माहेर आळंदचं. वडिलांचं कापडाचं लहानसं दुकान होतं. बाजारचे दिवस असले की खेड्यापाड्यांतली माणसं गाड्या जुंपून परत निघेपर्यंत ते दुकान बंद करत नसत. मग तागे गुंडाळून, फळ्या लावून घरी यायचे, तोवर निम्मा गाव झोपलेला असायचा. आमची जेवणं त्यानंतर. जेवणं झाली की आई जुन्या लुगड्यांची कौदी अंथरायची आणि कंदिलाशी बसून टाके घालायची. आमच्याकडे गोधडीला कौदी म्हणतात. मी दुसऱ्या टोकाला बसून टाके घालायचे. वडील शेजारी पाटीवर मला अक्षरं काढून द्यायचे. घरातली हसणी, भांडणं, बोलणी, सगळी त्या वेळेची. सकाळी मला कुणी उठवलंय असं आठवत नाही. उशिरा उठणं हा दोष असतो, हे मला सासरी आल्यावर कळलं.

सासरी चौदा माणसं. रोज दोन पायली ज्वारी दळावी लागे. मशिदीतली पहाटेची बांग होण्याआधी जातं सुरू व्हायचं आणि उजाडेपर्यंत संपायचं, कारण मग झाडलोट, पाणी, भाकऱ्या, शेतावरच्या न्याहारीच्या टोपल्या. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दोघी सुना दोन बाजूंना बसायच्या. त्यात काही चूक नव्हती. घरोघरी तसंच होतं. मलाच ते जमत नव्हतं. अक्का हाक मारायची, मी उठायचे, तोंडावर पाणी मारायचे, पण पाच घास पडेपर्यंत पुन्हा डोळे मिटायचे. महिनोनमहिने गेले तरी सवय लागली नाही. दिवसभर अंग दुखायचं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं.

अक्काचं सगळं उलटं. कुणी हाक न मारता ती उठायची. चेहरा धुतल्यासारखा ताजा. पण दिवेलागण झाली की तिचं अंग गळून जायचं. एकदा तव्यावर भाकरी टाकून ती चुलीपुढेच झोपली. भाकरीचा कोळसा झाला, धूर डोळ्यांत गेला तरी तिला जाग नाही. मी तिला भिंतीला टेकवून ठेवलं आणि पुढच्या भाकऱ्या मीच थापल्या. त्यानंतर रात्रीचं वाढणं माझ्याकडेच आलं. सुगीत माणसं खळ्यावरून उशिरा यायची, आळंदच्या बाजारातून गाड्या परतायला उशीर व्हायचा. मी जागी असायचे, ताजी असायचे, मला त्याचं काही वाटत नसे. अक्काची दोन वर्षांची मुलगीही माझ्याजवळ झोपायला लागली. रात्री ती रडली तर आईला जाग यायची नाही, मला यायची.

आम्ही दोघींनी असं काही ठरवलं नव्हतं. पण सासूबाई दिवे लागले की आडव्या व्हायच्या, त्यामुळे माझी रात्र त्यांना कधी दिसली नाही. सकाळ मात्र रोज दिसायची. बायका बसायला आल्या की त्या म्हणायच्या, "बाजारातली पोरगी करून आणली. आता भोगायलोय."

चार-पाच वर्षं अशी गेली. अक्काला पुन्हा दिवस गेले. या खेपेला तिचे पाय सुजले, तोंडाला चव राहिली नाही. जनवाड्याहून तिचे भाऊ गाडी घेऊन आले आणि सातव्यातच तिला माहेरी घेऊन गेले. गाडीत बसताना ती मला म्हणाली, "आता काय करशील गं तू?"

मी म्हणाले, "करीन की."

पहिल्या पहाटे मी उठलेच नाही. दुसऱ्या पहाटे उठले, जात्याशी बसले, खुंटा धरला आणि ओढला. जातं हललं नाही. म्हणजे हललं, पण माझ्या खांद्यातून कळ निघाली. इतकी वर्षं मी ज्याला दळणं म्हणत होते ते नुसतं हात ठेवणं होतं. सगळं ओझं अक्का ओढत होती. आणि ओझ्याबरोबर माझा हातही.

थोड्या वेळानं समोर कुणीतरी बसलं. सासूबाई होत्या. त्यांनी खुंटा धरला. त्यांचा हात म्हातारा, शिरा वर आलेल्या, दर फेऱ्याला कोपर थरथरायचं. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. उजाडेपर्यंत आम्ही दळत होतो आणि मला वर बघायची हिंमत झाली नाही.

त्या दिवशी मी ठरवलं की आपण रात्रीच दळून ठेवायचं. माणसं जेवून झोपली, भांडी झाली, अक्का मागे ठेवून गेलेली मुलगी झोपली, की मी कोपऱ्यातली घासलेटची चिमणी जात्याजवळ आणली आणि बसले. रात्री माझ्या अंगात जोर असतो. जातं जड होतं, पण झोप नव्हती. अर्धी पायली झाली असेल नसेल, सासूबाई दारात उभ्या राहिल्या.

"रातचं जातं फिरवत्यात व्हय? ह्या घरात कुणी मेलंय काय?"

"सकाळी जमत न्हाई, आत्या. आत्ताच दळून ठेवते."

"जमत न्हाई म्हणजे? माझ्या सासूनं मला हे विचारलं न्हाई, जमतंय का न्हाई. ठेव तो खुंटा."

बाहेर ओट्यावर सासरे होते. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. फार कमी बोलणारा माणूस. इतक्या वर्षांत माझ्याशी त्यांचं बोलणं पाणी दे, गूळ दे, यापलीकडे गेलं नव्हतं. ते तिथूनच म्हणाले, "दळू दे तिला."

"आन गाव काय म्हणंल?"

"गाव झोपलंय. मला तसंबी झोप येत न्हाई. दळू दे."

सासूबाई आत गेल्या. त्यांनी नवऱ्याचं ऐकलं की त्याही दमल्या होत्या, सांगता येणार नाही.

त्यानंतर रोज रात्री मी आत दळायचे आणि मामा ओट्यावर अंबाडीचा दोर वळत बसायचे. मधे नुसता दरवाजा. पहिले पंधरा दिवस एक शब्द नाही. मग एकदा त्यांनी विचारलं, आळंदला रात्री काय करायचात? मी कौदीचं सांगितलं, पाटीचं सांगितलं. ते म्हणाले, "बरं हाय की."

मग दोर वळता वळता म्हणाले, "मी बी असाच हाय. लहानपणापासनं. दिवस बुडाला की मला बरं वाटायला लागतंय. पण बापानं चार वाजता उठवलं, तवापासनं उठायलोय. साठ वरसं झाली. येकदाबी नीट जागा झालो न्हाई."

"कुणाला सांगितलं कामून न्हाई, मामा?"

"नांगर धरणाऱ्यानं असं बोलावं व्हय?" ते म्हणाले आणि हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच ऐकलं. दिसले नाहीत, ते दाराच्या बाजूला भिंतीआड बसायचे.

ते चार महिने मी सासरी पहिल्यांदा नीट जगले. सकाळी पीठ तयार असायचं, मी थोडी उशिरा उठायचे, सासूबाई तोंड फिरवून घ्यायच्या पण बोलायच्या नाहीत. मी मनात म्हणायचे, अक्का आली की तिलाही आता जातं ओढावं लागणार नाही. एवढी वर्षं तिनं माझं ओढलं. आता मी तिचं ओढेन.

अक्का आली ती रिकाम्या हातांनी. मूल आठव्या दिवशी गेलं होतं. तीही अर्धी झाली होती. डोळे खोल गेलेले, हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. तिला कुणी काही विचारलं नाही. मी तिला दूध दिलं, तिनं ते तसंच ठेवलं.

दुसऱ्या पहाटे माझी झोप कशानं तरी मोडली. उठून पाहिलं तर अक्का जात्याशी बसली होती. जातं फिरत नव्हतं. पिठाचा डबा भरलेला होता, तिनं झाकण उघडून पाहिलं होतं आणि तसंच उघडं ठेवलं होतं.

मी म्हणाले, "अक्का, झोपा की. दळण झालंय. मी रातीच केलंय."

"कामून केलीस?"

"तुमची तब्येत..."

"माझं दळण कामून घेतलीस?"

मला काही समजेना. मी म्हणाले, तुम्हाला त्रास नको म्हणून. तिनं मान हलवली. सावकाश, दमून, जसं लहान मुलाला सांगावं तसं ती बोलायला लागली.

"दिवसभर ह्या घरात मला कोण ना कोण हाक मारतंय. पाणी आण, पोरीला घे, गुरांना टाक. जातं फिरतंय तवर कुणी हाक मारत न्हाई. तेवढी येक घडी माझी हुती. तिथं बसूनच मी सगळं सोसलं. जनवाड्याला आईच्या घरी मला जातं धरू दिलं न्हाई. म्हणलं, घरी जाईन, पहाटं बसीन, तवा रडीन. तर तू हे घेऊन बसलीस."

"आन मी समोर असायची की रोज," मी म्हणाले.

"तू झोपायचीस की," ती म्हणाली.

त्या रात्री मी चिमणी जात्यापाशी नेली नाही. दाराशी जाऊन मामांना सांगितलं की आता पुन्हा पहाटेच दळणार. त्यांनी मला का म्हणून विचारलं नाही. "बरं," म्हणाले आणि दोर वळत राहिले. मला फार अपराधी वाटलं. त्यांना दुसरं कुणी नव्हतं बोलायला. पण ओट्यावर जाऊन बसावं असं सुनेला त्या काळी करता येत नव्हतं. मधे जातं होतं म्हणून बोलणं होतं. पुढे दोन हिवाळे ते होते. गेले ते दुपारी, जेवून आडवे झाले असताना.

अक्काच्या अंगात आता पहिला जोर नव्हता. एकटीनं ओढणं तिला झेपलं नसतं, म्हणून मला खरोखर जागं राहून ओढावं लागलं. मी ते कसं शिकले विचाराल तर शिकले नाहीच. दर पहाटे नव्यानं तेवढाच त्रास व्हायचा. चूळ भरून थंड पाणी मी डोळ्यांना लावायचे, लुगड्याचा काठ दातांत धरायचे. पण ओढायचे. फक्त डोळे मिटलेले ठेवायचे आणि मान थोडी खाली. अक्का समोर रडायची. आवाज नसायचा, श्वास मधेच अडकायचा आणि घास घालायला उशीर व्हायचा. मी झोपलेली आहे असंच तिला वाटू द्यायचं होतं. मी डोळे उघडले असते तर ती घडी तिची राहिली नसती.

तिला फसवता आलं असेल असं मला वाटत नाही. जातं हलकं झालंय हे ओढणाऱ्याला कळतंच. पण ती कधी बोलली नाही आणि मीही बोलले नाही. असं वर्षभर चाललं असेल, नंतर तिचं रडणं कमी झालं. दळणं चालूच राहिलं. मला दोन मुलं झाली, तिला पुढं एक मुलगा झाला. आम्ही समोरासमोर बसतच राहिलो.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर गावात तेलाच्या इंजिनावरची पिठाची गिरणी आली. सासूबाई म्हणाल्या, त्या पिठाला घासलेटचा वास येतोय, पण दोन महिन्यांत त्याही खायला लागल्या. निजामी जायच्या आदल्या वर्षी इंजिनाला तेल मिळेना तेव्हा काही दिवस जातं पुन्हा फिरलं, मग कायमचं थांबलं.

गिरणीत पहिल्यांदा दळण गेलं त्याच्या दुसऱ्या पहाटे अक्का उठलेली मला ऐकू आली. ती जात्याच्या जागेवर थोडी थांबली असावी. मग घागर घेण्याचा आवाज आला, दाराची कडी निघाली, आणि ती विहिरीकडे गेली. विहिरीवर त्या वेळेला कुणी नसतं. पुढं रोज जात राहिली, थंडीतसुद्धा. तिनं मला हाक मारली नाही. मी अंथरुणातच होते. इतक्या वर्षांनी झोपायला मिळणार होतं आणि मी छताकडं बघत पडून होते.

ते तसंच राहिलं. आता म्हातारपणी दिवे लागले की माझंही अंग जड होतं, कुणी बोलत बसलं तर झोपेत ऐकू येत नाही. पहाटे चारला डोळा उघडतो तो उघडतोच. उठून करायचं काही नसतं. बांग होते, कोंबडे ओरडतात, बाहेर गाड्या निघतात. मी उजाडेपर्यंत पडून राहते.