वत्सलाताईंचा बाक

‘‘मेथी राहू द्या आज, मास्तरीणबाई. मावशी गेल्या.’’

पंचवटीच्या भाजीबाजारात सखूबाईने हातातला तराजू खाली ठेवला आणि मला हे सांगितलं. मी तिच्यावरच खेकसले. ‘‘काहीतरीच काय बोलतेस? परवाच तर भेटून आले मी इंदिरानगरला!’’ तिने जुड्यांवर ओलं पोतं टाकलं, शेजारणीला ‘‘वाईच बघ गं’’ म्हणाली आणि चालायला लागली. मीही रिकामी पिशवी घेऊन तिच्या मागे निघाले. वत्सलाताई गेल्याचं मला त्यांच्या मुलाकडून नाही कळलं, भाजीवालीकडून कळलं. त्यात नवल काही नव्हतं. त्या घरच्या बातम्या आधी बाजारात पोचायच्या आणि मग नातेवाइकांत.

नंतर शोकसभा झाली. ती भरवली शहरातल्या एका मोठ्या महिला संस्थेने. अध्यक्षबाई रेशमी साडीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘वत्सलाताई आमच्या संस्थेच्या आधारस्तंभ होत्या.’’ माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, कसला आधारस्तंभ! याच संस्थेच्या दारात ताईंना चपला काढून बाहेर उभं राहायला लावलं होतं. मी उठणार, तेवढ्यात मागून सखूबाईने पदर ओढला. ‘‘बसा खाली. आज नगं.’’ बसले. पण पोटातलं पोटात राहिलं नाही, म्हणून आता हे लिहितेय. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायचं असतं म्हणतात. ताईंबद्दल मी गोडच लिहीन. बाकीच्यांबद्दल जमणार नाही.

ताईंची आणि माझी ओळख बाहत्तरच्या दुष्काळानंतरची. मी नुकतीच पंचवटीतल्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. ताई त्याच गल्लीत दोन खोल्यांत राहायच्या. पुढे उघडी पडवी, पडवीत एक लांबलचक बाक. कोपऱ्यावरचं चहाचं हॉटेल बंद पडलं तेव्हा अण्णांनी, म्हणजे ताईंच्या नवऱ्याने, तो उचलून आणला होता. अण्णा पोस्टात होते. दुष्काळात रेशनच्या रांगेत बायकांचे जे हाल व्हायचे ते बघून ताई एकेकीला सांगायला लागल्या, कुठे जायचं, कोणाला भेटायचं, काय बोलायचं. सांगता सांगता रोज संध्याकाळी पडवी भरायला लागली. सल्ला फुकट आणि वर अण्णांच्या हातचा चहा. नवऱ्यांनी घराबाहेर काढलेल्या बायकांना एक नवरा माणूस चहा करून देतोय, हे बघूनच काहीजणी रडायच्या. ताईंचं घर आम्हा बौद्धांचं, म्हणून तिथला चहा पहिल्या दिवशी ‘‘आत्ताच घेतला’’ म्हणून टाळणाऱ्याही होत्या. ताई हसायच्या. अडचण मोठी असली की तिसऱ्या दिवशी कप आपोआप उचलला जायचा.

ताईंची एक पद्धत होती, आणि शहाण्या लोकांना ती मुळीच पटायची नाही. त्या कोणालाही एकटीला ऐकून घ्यायच्या नाहीत. सगळ्या बाकावर ओळीने बसायच्या आणि जे काय सांगायचं ते सगळ्यांदेखत सांगायचं. एक वकील होते, ते म्हणाले, हे तर घरचं चव्हाट्यावर आणणं झालं. मुंबईहून समाजकार्य शिकलेली एक मुलगी आली होती, तिने तर ताईंना खासगीपणावर भाषणच दिलं. ताईंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘बाई गं, यांना लाज वाटते ती एकटीला वाटते. शेजारणीचं तसंच आहे म्हटलं की लाज जाते आणि राग येतो. मला त्यांचा राग पाहिजे.’’ आणि सल्ल्याची फी म्हणून त्या एकच मागायच्या. काम होवो न होवो, तुझ्यासारखीच अडलेली आणखी एक बाई या बाकावर आणून बसव.

सखूबाई अशीच कोणीतरी आणून बसवलेली. माहेर पेठकडचं, दिलेली वणीजवळच्या गावात. नवऱ्याने दुसरी आणली आणि हिला हाकललं. ही नाशकात आली, पालेभाजी विकायला बसली. आता इथे रेशनकार्ड पाहिजे, तर तिचं नाव नवऱ्याच्या कार्डावर. तिकडून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय इथे नवीन कार्ड नाही. आणि नाव कमी करायला अर्ज कोणी द्यायचा? कुटुंबप्रमुखाने. म्हणजे त्यानेच! तो कशाला देतोय? कार्डावर जेवढी माणसं तेवढी साखर. ‘‘माझ्या नावाची साखर ती सवत खाती,’’ सखूबाई बाकावर म्हणाली, ‘‘आन मी हितं रॉकेलसुदिक काळ्या बाजारात घेती.’’ असं म्हटल्याबरोबर बाकाच्या दुसऱ्या टोकाची बाई ताडकन वळली. ‘‘अगं बया, माझं बी त्येच!’’ मग तिसरी. मग म्हाताऱ्या आईला घेऊन आलेली चौथी. त्या दिवशी मी पडवीच्या कडेला वह्या तपासत बसले होते. त्या तशाच राहिल्या.

पुढे वर्षभर अशा फी म्हणून आणलेल्या बायका वाढत गेल्या. नवऱ्याने टाकलेल्या, आणि त्याच्याच परवानगीसाठी अडलेल्या. पडवीत मावेनात तेव्हा एका सकाळी ताई त्या सगळ्यांना घेऊन पुरवठा कार्यालयात गेल्या. मी शाळेत रजा टाकून बरोबर होते. साहेब म्हणाले, ‘‘अहो, हा काय मोर्चा आणलाय? एकेकीने या.’’ ताईंचा आवाज कधी चढायचा नाही. म्हणाल्या, ‘‘वर्षभर एकेकट्याच येत होत्या, साहेब. तुमच्या माणसांनी प्रत्येकीला सांगितलं की अडचण तुझ्या एकटीची आहे, नियम बरोबर आहे. आता बघा, नियमच वाकडा आहे.’’  माणूस बरा होता तो, खोटं कशाला बोलू? पुढच्या आठवड्यात स्वतः पडवीत आला. खुर्ची दिली तर नको म्हणाला, बाकावर बायकांमध्ये बसला. त्याने ताईंना विचारलं, ‘‘नियम कसा पाहिजे तुम्हाला?’’ ताईंनी सखूबाईकडे हात केला. सखूबाई लाजली, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, ‘‘त्याला इचारू नका. येवढंच.’’

‘‘मग बाई खरं बोलतेय हे कसं कळायचं?’’

‘‘तिला वळखणारं कोनीतरी सांगंल की. पन त्याला नगं.’’

साहेबांनी हे वर कळवलं. वरून माणसं आली, त्यांनीही बाकावर बसून विचारपूस केली, चहा घेतला, परत गेली. मग बराच काळ काहीच नाही... आम्ही आशा सोडली होती, तेव्हा आदेश आला. नवऱ्याच्या अर्जाची गरज नाही. बाई वेगळी राहते असा मान्यताप्राप्त संस्थेचा दाखला पुरे. मी तो पडवीत मोठ्याने वाचला. एकच कल्ला झाला! अण्णांनी जिलबी आणली. एका भाजीवालीच्या तोंडचं वाक्य सरकारच्या कागदावर गेलं होतं, आणि जिलबी खाताना ती भाजीवाली सारखी विचारत होती, ‘‘खरंच त्याला इचारनार न्हाईत नव्हं?’’ ताई तेवढ्या जरा थांबल्या. ‘‘ही मान्यताप्राप्त संस्था म्हणजे कोण गं?’’ मी म्हटलं, ‘‘आपणच की!’’

कसलं काय. मान्यता घ्यायला गेलो तर अटी. त्यातली एक अशी की, बायकांची चौकशी करायला स्वतंत्र, बंद खोली पाहिजे. ताईंकडे होती उघडी पडवी. मी म्हटलं, ‘‘ताई, आतल्या खोलीला एक पडदा लावू. तपासणीला कोणी आलं की ओढायचा, गेलं की बाजूला सारायचा.’’ ऐकतील तर शपथ! ‘‘भिंत घालून मी एकेकीला कोंडू? मग त्यांचं एकमेकींना कळणार कसं? आज रेशनचं कळलं, उद्या दुसरं काही असेल.’’ मी भांडले त्यांच्याशी, कडाकडा भांडले. तत्त्व तुमचं आणि हाल यांचे, असंही म्हणाले. आजही मला त्यांचा राग येतो. एक पडदा लावला असता तर काय बिघडलं असतं? सरकारी अटींना सगळं जग पडदे लावतं. ताईंनी नाही लावला.

आणि मान्यता मिळाली त्या मोठ्या संस्थेला. तिच्याकडे हॉल होता, बंद केबिन होती, अध्यक्षबाईंच्या यजमानांची वरपर्यंत ओळख होती. ताईंनी कुरकूर केली नाही. पहिल्याच दिवशी सखूबाईला घेऊन तिथे गेल्या. शिपायाने दोघींना चपला काढायला लावल्या आणि केबिनच्या दारात ताईंना अडवलं, ‘‘फक्त अर्जदार आत.’’ सखूबाई एकटी आत गेली. बाहेर आली ती पांढरीफटक. संस्थेचं धोरण म्हणे संसार जोडायचं होतं. दाखला देण्याआधी नवऱ्याला बोलावून समेटाचा प्रयत्न होणार. नवरा आला. नवी टोपी घालून आला! केबिनमध्ये हात जोडून म्हणाला, ‘‘मी नांदवाया तयार हाय, हीच येत न्हाई.’’ झालं. दाखला नाही, कार्ड नाही, साखर सवतीच्या डब्यात. ज्याला विचारू नका एवढंच मागितलं होतं, त्यालाच खुर्ची देऊन विचारलं. तेही आमच्याच बाकावर तयार झालेल्या नियमाच्या आधाराने!

ताईंनी काय नाही केलं? अध्यक्षबाईंना भेटल्या. ‘‘काहीकाही केस वेगळ्या असतात हो, ताई,’’ असं गोड उत्तर मिळालं. त्या साहेबांना शोधलं, तर त्यांची बदली झालेली. आणि पडवी ओस पडत चालली होती. ताईंच्या शब्दाला सरकारदरबारी किंमत नाही म्हटल्यावर बायका तरी कशाला येतील? पोटाच्या मागे असतात बिचाऱ्या. संध्याकाळी ताई एकट्याच बाकावर बसायच्या. अण्णा सवयीने जास्तीचं दूध घ्यायचे आणि ते नासायचं. पुढे ताईंची तब्येत ढासळली आणि मुलाने दोघांना इंदिरानगरच्या नव्या घरी नेलं. जिन्यातून बाक वर जाईना, तो खालीच राहिला.

आमची शेवटची भेट त्या घरातली. खिडकीशी पलंग, बाहेर अर्धवट बांधलेल्या इमारती. आवाज अगदी खोल गेला होता. मला बघून पहिला प्रश्न, ‘‘सखूचं झालं का गं?’’ मी म्हटलं, ‘‘होईल, ताई.’’ त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली... तर मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, ‘‘होईल हे कार्यालयातलं उत्तर झालं. तू नको देऊस.’’ मला तिथे रडू आवरेना, आणि त्या माझ्या हातावर थोपटत राहिल्या.

ताई गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर अध्यक्षबाई अण्णांकडे आल्या आणि आठवण म्हणून बाक मागितला. अण्णा भोळे. मला म्हणाले, ‘‘दिला गं. तिथे बायका येतात, बसतील.’’

मागच्या आठवड्यात मी सखूबाईला घेऊन त्या संस्थेत गेले. तिला यायचं नव्हतं. ‘‘कशाला? पुन्यांदा त्याला बोलावतील.’’ मी ओढून नेलं. हॉलमध्ये शिरलो तर समोर बाक! पॉलिश करून चकचकीत केलेला, हार घातलेला, दोन्ही टोकांना दोरी बांधलेली. वर पितळी पाटी, ‘कै. वत्सलाताई यांच्या स्मरणार्थ’. अरे, ज्या बाईने जन्मभर जयभीम म्हटलं तिला मेल्यावर कैलासात पाठवलंत? कालकथित लिहा म्हणून सांगायला घरचं माणूस होतं की, विचारायचं तरी! पण इथे कोणाला विचारायची पद्धतच नाही. आणि बाकासमोर केबिनच्या भिंतीला टेकून चार-पाच बायका उभ्या होत्या. एकीच्या कडेवर मूल. सगळ्या गप्प, सगळ्यांची नजर जमिनीवर. शेजारी शेजारी उभ्या असून एकमेकींकडे बघत नव्हत्या.

मी दोरी सोडली. हार काढून बाजूला ठेवला आणि बसले. ‘‘बस गं सखू.’’ शिपाई धावत आला. ‘‘अहो बाई, तिथं बसायचं नाही, ते स्मारक आहे!’’ मी म्हटलं, ‘‘तो बाक आहे. माझ्या ओळखीचा आहे. जा, बोलाव तुझ्या अध्यक्षबाईंना.’’ तो गेला. सखूबाई घाबरत घाबरत टोकाला टेकली. मग मी ताईंसारखंच, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, ‘‘हं, सांग. आत काय म्हणाले होते तुला?’’

तिने पदर सावरला. मग म्हणाली, ‘‘काय म्हनायचं? नियम चांगला हाय म्हनले, समद्या बायांना दाखला मिळतो. माझ्या एकलीचीच केस येगळी हाय म्हनले, म्हनून नवऱ्याला बोलवावं लागतंय.’’

भिंतीपाशी उभी असलेली, कडेवर मूल असलेली ती पोरगी वळली. आमच्याकडे बघितलं, केबिनच्या बंद दाराकडे बघितलं आणि दोन पावलं पुढे आली.

‘‘तुमाला बी येगळी म्हनले?’’

मी सरकले आणि तिला जागा करून दिली.