वन्संच्या हातची सीट

सायकलवर बसलेल्या माणसाला सीट उंच होते की बुटकी, हे वन्संना नुसतं बघून कळायचं. चिंचवड गावठाणात आमच्या दारावरून जाणाऱ्यालाही त्या थांबवत. "भाऊ, सीट बोटभर वर घ्या. गुडघे दुखतील." वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. लग्न राहून गेलेलं. शाळेत शिवण शिकवायच्या, आमच्याकडेच राहायच्या.

ह्यांची सायकल जुनी. पिंपरीला कंपनीत पोचेपर्यंत सीट घसरत खाली यायची. दर रविवारी वन्सं पदर खोचून अंगणात ती दुरुस्त करायला बसत, हे शेजारी पाना घेऊन उभे. दोघं लहानपणीचं काहीबाही आठवून हसत. मी चहा घेऊन गेले की गप्प होत. निदान मला तसं वाटे.

एका सकाळी हे आंघोळीला गेले असताना मीच सायकल धरली. सीटखालच्या दांडीला शिलाई मशीनचं तेल चोळलं, नट आवळला. संध्याकाळी हे गुडघे चोळत घरात आले.

"अक्का, सीट पार खाली बसली. तेल कुणी घातलं?"

वन्संनी माझ्या बोटांकडे पाहिलं. "मीच. गंज धरला होता," त्या म्हणाल्या.

मला हायसं वाटायला हवं होतं. उलट रागच आला. चांगुलपणाही त्यांच्याच वाट्याला.

दुसऱ्या दिवशी हे कामावरून आल्यावर वन्संनी मला अंगणात बोलावलं. "दांडी बारीक आहे, म्हणून घसरते. नुसतं आवळून भागत नाही." मला रॉकेलने तेल पुसायला लावलं, तुपाच्या डब्याचा पत्रा कापून दांडीभोवती गुंडाळायला शिकवलं. "आता आवळ. त्याचा डावा पाय किंचित आखूड आहे, झाडावरून पडला होता. सीट फार वर घेऊ नकोस."

लग्नाला आठ महिने झाले होते. मला हे ठाऊक नव्हतं.

सीट पुन्हा घसरली नाही. वन्संचा रविवार मात्र गेला, आणि तो त्यांनी आपण होऊन सोडला हे मला फार उशिरा कळलं.

चाळिशीत त्यांचं लग्न झालं, मोशीच्या एका बिजवर मास्तरांशी. त्या निघाल्या तेव्हा आईच्या मरणाला न रडलेले हे भिंतीकडे तोंड करून हुंदके देऊ लागले. मोशी ती केवढीशी लांब. मलाही भरून आलं होतं, पण खरं सांगते, मनात आलं ते एवढंच: मी गेले तर हे असे रडतील का?