आसेगावचा कार्बन आणि विहीणबाईंचे रोडगे

हवेतला कार्बन पकडून जमिनीत गाडायचं काम आसेगावला चाललंय, असं मोबाइलवर वाचलं आणि वाशीमहून मंगरूळपीरची एसटी धरली. डोळ्यांपुढे नळ्या, टाक्या, भोंगा असलं काहीतरी होतं.

मंगरूळपीरला दर्ग्याकडे वळलो, मग भज्यांकडे, तेवढ्यात आसेगावची गाडी गेली. भजेवाले चाचा म्हणाले, "धुआँ पकडाले जाऊन राह्यले? पकडून ठेवता कायच्यात?" मी अजून एक प्लेट मागवली. भजे मात्र खाच. पुढे ऑटो मिळतो, पण भरल्याशिवाय हलत नाही.

यंत्र म्हणजे तिथल्या एका शेतकऱ्याच्या, गजाननकाकांच्या वावरातला खड्डा निघाला, पसरट कढईसारखा. त्यात पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या पेटवायच्या, राख व्हायच्या आत निखाऱ्यांवर पाणी ओतायचं आणि तो कोळसा वावरात पुरायचा. पऱ्हाटीनं हवेतून घेतलेला कार्बन मग धूर होऊन परत जात नाही. त्या दिवशी, पुरलेल्या कार्बनचे पैसे देणाऱ्या कंपनीचे साहेब तपासायला येणार होते. कोळसा पास झाला तरच काका योजनेत.

निखारे फुलले. काकांनी बादली उचलली.

"थांबा," काकू म्हणाल्या. "रोडगे टाकले त्यात."

लेकीच्या सासूबाई मानोऱ्याहून पहिल्यांदाच आल्या होत्या. असे निखारे दिसल्यावर त्यात कणकेचे गोळे भाजायचे नाहीत, हे काकूंच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"साहेब येऊन राह्यले ना वं."

"साहेब कोळसा पाह्यतीन. विहीणबाई मले पाह्यतीन."

"अन् राख झाली त?"

"मंग कच्चे वाढू काय त्याईले?"

विहीणबाई बाजेवरून म्हणाल्या, "मले घाई नाही, बाप्पा."

त्यानं दोघंही जास्तच घाबरले. वाद रंगला, रोडगे निखाऱ्यांत खाली खाली गेले. जळका वास आला तेव्हा काकांनी डोळे मिटून पाणी ओतलं. कडेला राख, मधे कोळसा.

तेवढ्यात साहेब आले आणि त्यांनी मधलाच एक गोल तुकडा उचलून फोडला. आतपर्यंत काळा. खूश झाले.

"हे कोणतं लाकूड, काका?"

"घरचंच हाय."

"त्याच्यासंगं वरण घ्या, साहेब," विहीणबाई म्हणाल्या.

साहेब हसले, त्यांना काही कळलं नाही. खड्डा पास.

घरी आल्यावर सगळे विचारतात, मशीन पाहिली का. नाही पाहिली. तुम्ही जाणार असाल तर पऱ्हाटी उपटतात त्या दिवसांत जा, आणि डबा न्या. हा कार्बन शेकडो वर्षं जमिनीतून हलत नाही, असं साहेब सांगत होते. ते खरं असावं. काल काकूंचा फोन आला: काका योजनेत आले, कोळसा पुरून झाला, आणि विहीणबाई मानोऱ्यात सगळ्यांना सांगून राह्यल्या, "माह्यं जेवण आसेगावच्या वावरात ठेवलं हाय. कवाही गेलं तरी खराब होत नाही."