शनिवारी सुट्टी नसलेला खेळाडू

फिलूवहिनींचा फोन आला तेव्हा मी गाडीचे विंटर टायर काढून घ्यायला गॅरेजात बसले होते. एप्रिल सरत आला होता, समोरच्या टीव्हीवर हॉकीची मॅच मोठ्या आवाजात लागली होती, आणि वहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या, "सुजाता, बावतीस गेला गं. प्लांटमध्येच. शिफ्ट संपायच्या आधी." मी बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले... रडू आलं नाही, राग आला. साठी ओलांडलेला माणूस शनिवारच्या ओव्हरटाइमला उभ्या उभ्या कोसळतो, आणि त्याच वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याच्या रग्बी क्लबची पोरं हंगामाच्या पहिल्या सरावाला हिरवळीवर उतरलेली असतात. दीड महिना झाला, तो राग गेलेला नाही. जावा असं वाटतही नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी नागपूरची, बौद्ध. बावतीसभाऊ वसईचे, ख्रिस्ती. इथे कॅनडात, ऑन्टारिओतल्या लंडनमध्ये मंडळाच्या गणपतीला आम्ही दोघंही हॉलच्या मागच्या भिंतीपाशी, कोट टांगायच्या स्टँडजवळ उभे होतो. आरती चालली होती. हा बुटका, आडवा, मान नसलेला गृहस्थ माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "तुम्ही पण जेवणाचीच वाट बघताय ना?" आमची दोस्ती तिथे जमली. माझी मैत्रेयी तेव्हा शाळेत नुकतीच रग्बी खेळायला लागली होती आणि मी हादरून गेले होते. ते ऐकून त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, यांना कुणीतरी गावाकडचं भेटलं. पुढे चार वर्षं त्यांनी तिला आमच्या मागच्या अंगणात टॅकल शिकवला. "घाबरायचं नाही बाय, कमरेला मिठी मारायची आणि सोडायचं नाही," असं सांगत स्वतः धडाधड पडायचे. ती "अंकल, आर यू ओके?" म्हणायची आणि हे गवतात लोळत हसायचे.

हा खेळ त्यांना मुंबईत मिळाला, तोही मागच्या दाराने. त्यांचे मामा एका जिमखान्यात बारवर होते. पावसाळ्यात तिथे मेंबर लोक रग्बी खेळत. दोन्ही बाजूंची तीस माणसं काही भरायची नाहीत, मग नोकरांच्या घरातली धट्टीकट्टी पोरं भरतीला घ्यायचे. मॅचभर सगळे एकाच चिखलात. शिट्टी वाजली की मेंबर पुढच्या दाराने गरम पाण्याकडे जात आणि ही पोरं मागच्या नळावर. "पण त्या ऐंशी मिनिटांत सुजाता, कोण साहेब नि कोण भरतीचा, आईलासुद्धा ओळखू आलं नसतं," असं ते सांगत. त्या ऐंशी मिनिटांसाठी हा माणूस जन्मभर वेडा होता. कॅनडात आल्यावर त्यांना वाटलं, इथे मागचा नळ नसेल. भोळा माणूस!

इथला क्लब एका महागड्या खासगी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी काढलेला. येऊ मात्र कुणालाही देतात, त्याचा त्यांना फार अभिमान. बावतीसभाऊ तिथे तिसऱ्या टीममध्ये आठ-नऊ वर्षं हूकर म्हणून खेळले, म्हणजे रेटारेटीत चेंडू पायाने मागे ओढणारा. पण क्लबचा एक जुना रिवाज आहे. जो अख्खा हंगाम, एकही शनिवार न चुकवता खेळेल त्यालाच क्लबचा टाय मिळतो, आणि टाय ज्याच्या गळ्यात तोच पूर्ण सभासद. बाकीचे सोशल मेंबर. भाऊंचा प्लांट गाड्यांचे सुटे भाग करणारा. तिथे एकाआड एक शनिवारी ओव्हरटाइम सक्तीचा. लोकांशी शिफ्टा बदलून, रात्रपाळ्या घेऊन, अंगात ताप असताना ते जमतील तितके शनिवार खेळले. सगळे कधीच जमले नाहीत. मी एकदा चिडून विचारलं, तर म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखाच आहे ना." हे वाक्य मी नागपुरात इतक्या गोड चेहऱ्यांच्या तोंडून ऐकलं आहे की माझं डोकंच उठलं. शनिवारी सुट्टी कुणाला असते? वकिलाला, बँकेतल्या साहेबाला, शाळेपासून ज्याच्या बापाने फी भरली त्याला. त्यांना नियम पाळायला काहीच करावं लागत नाही, नुसतं झोपून उठावं लागतं. आणि पुन्हा त्याला निष्ठा म्हणायचं!

त्यांना हे कळत नव्हतं असं नाही. इंग्लंडात जुन्या काळी गिरण्यांतले आणि खाणींतले मजूर हा खेळ खेळायला लागले, शनिवारी खेळायचं तर मजुरी बुडते म्हणून भरपाई मागू लागले, तर सभ्य लोकांनी नाकं मुरडली आणि शेवटी खेळाचीच दोन शकलं झाली, ही हकिकत मला त्यांनीच सांगितली होती. टिम हॉर्टन्समध्ये बसून, डोनट मोडून दोन तुकडे समोर ठेवत. मी म्हटलं, "मग तुम्ही कशाला यांच्या तुकड्यात बसता?" तर हसले... "मला खेळायचंय गं. भांडायला दुसरा जन्म घेईन."

ज्या शनिवारी खेळता यायचं नाही त्या शनिवारी ते शिफ्टवरून थेट क्लबावर जात. मॅच संपल्यावर यजमानांनी पाहुण्या टीमला जेवू घालायचं, ही रग्बीतली जुनी चाल. खेळता नाही आलं तर निदान जेवू तरी घालू, म्हणून भाऊ टोपभर चिकन करून नेत. आधी कधीमधी, मग नेहमीचंच झालं. हळूहळू क्लबात ते ॲप्रनमधलेच झाले. दोन आठवड्यांपूर्वी ज्याच्या खांद्याला खांदा भिडवून रेटारेटी केली, तोच पाहुणा खरकटी ताटली त्यांच्या हातात देऊन "थँक्स, चीफ" म्हणून निघून गेला होता. हेही त्यांनी मला विनोद म्हणूनच सांगितलं. मला अजून हसू आलेलं नाही.

ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्या किचनमध्ये बसून म्हणाल्या, "त्याला तो टाय घालून पुरायचाय मला. बाकी काही नको. तुझं इंग्लिश बरं आहे, तू लिही." मी क्लबच्या अध्यक्षांना ईमेल केली. तासाभरात उत्तर आलं. दुःख, धक्का, प्रार्थना, सगळं होतं. शेवटी लिहिलं होतं की टायचा निर्णय कमिटीचा असतो आणि कमिटी मे महिन्यात भरेल. मेलेला माणूस मेपर्यंत थांबेल, असं त्यांना वाटलं की काय कोण जाणे! वहिनी मॉलमध्ये तसल्या मरून-सोनेरी पट्ट्यांचा टाय शोधत फिरल्या. मिळाला नाही. मग म्हणाल्या, "खोटा नकोच." चर्चमध्ये ते उघड्या कॉलरने झोपले होते. क्लबातून आठ-दहा जण आले होते, प्रत्येकाच्या गळ्यात तो टाय.

मे महिन्यात पुन्हा ईमेल आली. कमिटीने एकमताने बॅप्टीला (हे त्यांनी ठेवलेलं नाव) मरणोत्तर मानद सभासदत्व दिलं होतं. पहिल्या होम मॅचच्या आधी छोटासा कार्यक्रम, टाय फिलोमिनाच्या हाती देणार. आणि शेवटी एक नम्र विनंती: त्या दिवशी पाहुण्यांसाठी बॅप्टीची सुप्रसिद्ध करी फिलोमिना करू शकेल का? इट वुड मीन सो मच टु द बॉइज. मी ती वॉटर्लूला कॉलेजात असलेल्या मैत्रेयीला पाठवली. तिचा लगेच फोन: "मॉम, दे वाँट द विडो टु केटर?" वहिनींना मी ती वाचून दाखवली. त्या शांतपणे म्हणाल्या, "जाऊ आपण. स्वयंपाक नाही करणार. पण जाऊ."

क्लबहाऊसात भिंतीभर टीम्सचे फोटो. टेबलावर भाऊंचा एक मोठा फ्रेम केलेला फोटो, ॲप्रनमधला, हातात डाव. अध्यक्ष उंच, गुलाबी, मनाने वाईट नसावेत. खरं सांगायचं तर वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी भाषण केलं, ते बोलता बोलता रडलेही, आणि टाय पुढे केला. वहिनींनी तो घेतला नाही. वीस वर्षं नर्सिंग होमच्या नोकरीत म्हाताऱ्यांशी बोलून कमावलेल्या आपल्या इंग्रजीत त्यांनी विचारलं, "व्हॉट पोझिशन ही प्लेड?"

अध्यक्ष फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, "फिलोमिना, ही वॉज द हार्ट ऑफ धिस क्लब."

"दॅट इज नॉट अ पोझिशन," वहिनी म्हणाल्या.

एवढ्या फोटोंच्या, एवढ्या गळ्यांतल्या टायच्या मधून एकालाही सांगता आलं नाही, किंवा सांगायची लाज वाटली. वहिनींनी माझा दंड धरला आणि आम्ही बाहेर पडलो. मागून कुणीतरी "प्लीज, मॅम" म्हणत होतं. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तोंडातून काय निघालं असतं, सांगता येत नाही.

पार्किंगकडे जाताना बाजूच्या मैदानावर तिसऱ्या टीमची मॅच चालली होती. वहिनी दोरीपाशी थांबल्या. इतक्या वर्षांत त्यांनी एकही मॅच पाहिली नव्हती. त्यांचीही शनिवारी ड्यूटी असायची. पंचाने हात वर केला आणि दोन्हीकडची आठ-आठ माणसं खांद्यात खांदे अडकवून, डोकी खाली घालून एकमेकांना भिडली. स्क्रम. आवाज ऐकून वहिनी दचकल्या.

"यात तो कुठे असायचा?" त्यांनी विचारलं.

मी बोट दाखवलं. "पुढच्या ओळीत, अगदी मध्ये. तो बघा, दोन्ही हात शेजारच्यांच्या खांद्यांवर टाकलेला. सगळ्या सोळा माणसांचा जोर त्याच्या मानेवर येतो."

वहिनी बघत राहिल्या. स्क्रम एकदा मोडला, पंचाने पुन्हा लावला, तो मधला पोरगा पुन्हा मान खाली घालून आत शिरला. मग त्यांनी पदर नसलेल्या खांद्यावरून उगाच हात फिरवला आणि क्लबहाऊसच्या मोठ्या काचेकडे वळून पाहिलं. काचेमागे ते सगळे उभे होते.

"एवढा मधोमध?" त्या म्हणाल्या. "आणि यांना दिसला नाही?"