काळडोह स्टेशनचं गोड पाणी

काळडोह स्टेशन उभं असताना ज्यांनी पाहिलं, ते त्याच्याबद्दल सांगताना आधी दोन्ही हात पसरतात आणि मग बोलू लागतात. काळ्या घडीव दगडाची लांबच लांब इमारत, पुढे बारा कमानी, मधोमध घड्याळाचा मनोरा. छपराच्या सागवानी तुळया एवढ्या जाड की एकीला कवेत घ्यायला दोन माणसं लागावीत. जळगाव-धुळ्याच्या मधल्या मुलखात तशी इमारत दुसरी नव्हती. कापसाच्या हंगामात फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाठी रचलेल्या असत. चोपडा-यावलकडच्या केळीच्या बैलगाड्या तापी ओलांडून येत आणि हिरव्या घडांनी भरलेले डबे दिल्लीच्या वाटेला लागत.

पण पुना नानाला स्टेशनबद्दल विचारलं, की तो कमानींचं नावसुद्धा काढत नसे. तो म्हणे, "कमानी पाव्हण्यांनी बघाव्या. गाडी चालायची ती माझ्या विहिरीवर."

पुना नाना स्टेशनचा पंपवाला. गावातलाच माणूस, एकोणपन्नास साली पंचविसाव्या वर्षी कामाला लागला. स्टेशनच्या मागे दगडाने बांधलेली प्रचंड विहीर होती. तिचं पाणी पंपाने उंच टाकीत चढवायचं आणि फलाटाच्या टोकाला उभ्या लोखंडी खांबातून इंजिनात सोडायचं, हे त्याचं काम. त्या खांबाच्या आडव्या नळाला गावातले लोक सोंड म्हणत. इंजिन धापा टाकत येई, सोंडेखाली उभं राही. पुना पिळदार मिशा सावरत चाकाला हात घाली आणि धो धो पाणी पडू लागे.

त्या पाण्याचा लौकिक मोठा. मुलखातलं बाकीचं पाणी खारं. खाऱ्या पाण्याने बॉयलरच्या आत थर धरतो, वाफ नीट होत नाही. काळडोहचं पाणी गोड, त्याने थर धरत नसे. भुसावळचे ड्रायव्हर आधीच्या स्टेशनांवर निम्मंच पाणी घेत आणि म्हणत, "पोट पुनाकडे भरू." पहिल्याच वर्षी एका बड्या साहेबाने गाडीतून उतरून ओंजळीने ते पाणी पिऊन पाहिलं आणि पुनाचा खांदा थोपटला. तेहतीस वर्षांत एकही इंजिन आपल्या दारातून तहानलेलं गेलं नाही, हे पुना नाना कुणी न विचारताही सांगे.

एक गोष्ट मात्र तो कुणाला सांगत नसे.

नोकरी लागल्यावर दोन-तीन वर्षांतच मोठा दुष्काळ पडला. गावची विहीर आटली. लोक हंडे-कळशा घेऊन रेल्वेच्या विहिरीवर येऊ लागले. तेव्हाच वरून ताकीद आली, की पाण्यावाचून एक जरी इंजिन अडलं तरी पंपवाला घरी बसेल. पुना तरुण, नुकतं लग्न झालेलं. गावाला नाही म्हणायची हिंमत त्याच्यात नव्हती. फलाटाच्या कडा रंगवायला आणलेली चुन्याची गोणी त्याने उचलून विहिरीच्या काठावर ठेवली आणि सांगून टाकलं, "ही इंजिनाची दवा. रोज पाण्यात टाकावी लागते. माणूस प्याला तर आतडी सडतात."

त्याच आठवड्यात विहिरीजवळ चरणारी एक शेळी कशाने तरी मेली. मग काय, गावाची खात्रीच पटली. स्टेशनातले लोक कसे पितात असं कुणी विचारलं, तर त्यांचं पाणी भुसावळहून टाकीच्या डब्यातून येतं, हेही पुनाने सांगून ठेवलं. त्या उन्हाळ्यात बायका दोन कोस लांबून, तापीच्या वाळूत झिरे खणून पाणी आणत राहिल्या. पुढे गावात हापसा आला. त्याचं पाणी खारं, तरी तेच प्यायचं. इंजिनाच्या पाण्याला कुणी बोट लावलं नाही.

ब्याऐंशी साली रेल्वेने वळण काढून रूळ सरळ केला. नवा मार्ग तीन मैलांवरून गेला आणि तिथे पत्र्याचं एक लहानसं स्टेशन झालं. काळडोहला गाडी यायची थांबली, त्याच महिन्यात पुना नानाही निवृत्त झाला. घड्याळाचे काटे कुणी काढून नेले. कमानींखाली शेळ्या बसू लागल्या. तरी नाना रोज सकाळी धुतलेलं धोतर नेसून, काठी टेकत विहिरीवर जाई, आत पडलेला पाला बांबूला जाळी बांधलेल्या झेल्याने काढी आणि परत येई.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात कागद आला. इमारतीचे दगड आणि तुळया लिलावात गेल्या होत्या, आणि उरलेला राडारोडा टाकून विहीर बुजवायची होती. कागद घेऊन आलेला साहेब भला माणूस. तो म्हणाला, "गावाला पिण्यासाठी विहीर हवी असेल, तर ग्रामसभेचा ठराव द्या. मी बुजवू देणार नाही. पण उद्यापर्यंत."

सरपंच शालिग्राम हसला. "साहेब, इंजिनचं पाणी कोण पिणार? बुजवा खुशाल."

त्या दिवशी नाना जेवला नाही. ताईबाईने, त्याच्या बायकोने, ताट झाकून ठेवलं आणि ती म्हणाली, "विहीर जाऊ द्या, नाहीतर तोंड उघडा. तिसरं काही नाही."

"गाव थुंकेल माझ्यावर."

"थुंकू दे. पाणी गोड शे, धुऊन टाकू."

संध्याकाळी सभा स्टेशनच्याच कमानींखाली बसली. पुना नाना उभा राहिला. मिशीला हात गेला, पण पीळ न देता खाली आला.

"त्या पाण्यात दवा नव्हती," तो म्हणाला. "चुना होता, तोही गोणीतच. मी खोटं बोलनू. बठ्ठ्या, साऱ्या गावले खोटं सांगं."

मग शालिग्राम म्हणाला, "नाना, विहीर वाचावी म्हणून आज खोटं बोलतोस. तेव्हा तूच सांगितलंस ना?"

सत्तरीच्या कमलबाईंनी मागून आवाज टाकला, "म्हातारपणी आम्हाला विष पाजतो का रे?"

लोक हसले. नानाला खरं पटवता येईना, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तेव्हा ताईबाई उठली. डोक्यावरचा पदर नीट केला.

"कमलअक्का, माझ्या वरणाला तुम्ही काय म्हणता?"

"त्याचं काय आता मध्येच? लोण्यासारखं असतं. पंगतीला तुझ्याच हातचं लागतं."

"कितीदा विचारलंत, काय टाकते म्हणून. काही टाकत नाही. पस्तीस वर्षं या विहिरीचं पाणी घालते. यांचा डबा घेऊन यायची, जाताना टोपलीत पाण्याचा डबा, वर झाकायला विझलेले कोळसे; गाडी बंद झाल्यावर विहिरीतून काढलेला पाला. गावच्या पाण्याचा हंडा रोज सर्वांसमोर आणायची आणि म्हशीला पाजायची."

बायकांमध्ये आधी कुजबुज झाली, मग एकच गलका.

"माय वं! आणि आम्ही सोडा टाकटाकून दाळ शिजवली!"

"सोडा टाकूनही गोटेच राहायचे. सासूने माझा बाप काढला होता त्या दाळीवरून!"

"म्हैससुद्धा यांचीच धष्टपुष्ट," कुणीतरी म्हणालं.

"अगं, ती तर खारं प्यायची!"

हसणं थांबेना. कमलबाई मात्र हसल्या नाहीत. काठी टेकत पुढे आल्या आणि नानासमोर उभ्या राहिल्या. "दुष्काळात मी पोटुशी होते. दोन कोस चालायचे. तुला दिसत होते मी."

"दिसत होतीस, अक्का."

कमलबाईंनी काठी आपटली. मग वळून म्हणाल्या, "शालिग्राम, ठराव लिही. आणि यालाही दंड लिही. प्रत्येक घराचा पहिला हंडा यानेच ओढून द्यायचा. पंप नाही, मोट नाही. हाताने."

दुसऱ्या दिवशी उजाडताच विहिरीवर रांग लागली. तिकडे लिलावातली माणसं मनोऱ्यावर चढली होती. पहिला घण बसला आणि घडीव दगड खाली आला. रांगेतल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. पुना नानाने मान वळवली नाही. त्रेसष्ट वर्षांचा माणूस पाय रोवून उभा होता, छाती पुढे, मिशा पिळलेल्या. दोर ओढायचा, हंडा भरायचा, घराचं नाव मोठ्याने घ्यायचा. सरपंचाने हात लावू पाहिला तर म्हणाला, "रांगेत उभा राहा. तुझा हंडा आणलास का?"

ताईबाईला बायकांनी सर्वांत मागे उभं केलं होतं. तिची पाळी आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि नानाच्या तळहातांना फोड आले होते. तिने दोराला हात घातला.

"मागे सर," नाना म्हणाला. "हा हंडा माझा शे."

आणि त्याने बादली खाली सोडली.